पातेलं कुणी ओतलं

परवा सकाळी फडताळावरचा चहाचा डबा काढायला मी हात वर केला आणि माझी बायको दचकली. नुसती दचकली नाही, तर शेगडी आणि मी यांच्या मध्ये येऊन आडवी उभी राहिली. शेगडीवर आमटीचं पातेलं होतं. मी डबा ओट्यावर ठेवला, हात खाली घेतला, तेव्हा कुठं ती बाजूला झाली. मग काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं आम्ही दोघांनी चहा घेतला.

मी दिनकर कुराडे. गडहिंग्लजच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झालो. पोरांवर ओरडण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता, पण घरात माझं कुणी ऐकल्याचं मला आठवत नाही. शालनवर, म्हणजे माझ्या बायकोवर, मी उभ्या आयुष्यात हात उगारलेला नाही की तिच्या भांड्याला धक्का लावलेला नाही. वर्षभरापूर्वी हे वाक्य लिहायची वेळ आली असती तर मला हसू फुटलं असतं. आज ते लिहून झाल्यावर मी थांबलो आणि खरंच तसं आहे ना, हे एकदा मनात तपासून घेतलं. मला भीती वाटते ती या तपासण्याची.

झालं ते सगळं चटणीपायी. 'शालनताई' कांदा-लसूण चटणीची लाल झाकणाची बरणी तुमच्याही घरात येऊन गेली असेल. सुरुवात आमच्या मागच्या दारी झाली. आता एमआयडीसीत डंखांची, म्हणजे मिरची कुटायच्या त्या धाडधाड वाजणाऱ्या यंत्रांची, रांग उभी आहे आणि गावातल्या कितीतरी बाया तिथं संकेश्वरी मिरच्या भाजतात. कारभार आमची एकुलती एक मुलगी प्रणोती बघते. ती पुण्यात असते, हुशार आहे आणि आईवर तिचा फार जीव आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं वाचताना तुम्हाला तिचा राग येईल.

दोन वर्षांपूर्वी आमचा खप घसरायला लागला. चटणी तीच, मिरची तीच, भाजणाऱ्या बायाही त्याच. बदलली होती ती गिऱ्हाइकाची नजर, आणि त्याला कारण होती पट्टी.

कुठलाही चेहरा आणि कुठलाही आवाज यंत्रावर बनवता यायला लागला, तेव्हा लोकांचा जाहिरातींवरचा विश्वास पार उडाला. पडद्यावरची आजी बोट चाटून डोळे मिटायची, पण ती आजी मुळात जन्मालाच आलेली नसायची. मग फोनवाल्यांनी पट्टी आणली. पडद्याच्या तळाशी एक बारीक रेघ. बोलणारा माणूस आठवून सांगत असेल तर ती हिरवी, मनानं रचून सांगत असेल तर पिवळी. यात जादू काही नाही. आठवणारा माणूस बोलताना अडतो तो बारीक तपशिलावर, साडी कुठली होती, वार कुठला होता. रचणारा अडतो तो वाक्य सुरू करतानाच, कारण पुढचं सगळं त्याला बनवायचं असतं. दोघांच्या डोळ्यांच्या बाहुल्या वेगळ्या वेळी मोठ्या होतात, कातडीखालचं रक्त वेगळ्या चालीनं फिरतं, आवाजातला कानाला न कळणारा कंप वेगळा असतो. माणसाला हे दिसत नाही, फोनला दिसतं. नववीच्या पोरांना एका तासात समजावं इतकं ते सोपं आहे. एकच गोष्ट पोरांना दोनदा सांगावी लागली असती, की पट्टी खरं-खोटं मोजत नाही. आठवण किती पक्की आहे, तेवढंच मोजते.

लोकांनी हे दुसरं वाक्य ऐकलंच नाही. हिरवी म्हणजे खरी, एवढं त्यांनी धरलं. त्यामुळं मालकानं स्वतः पडद्यावर येऊन आपली कर्मकहाणी सांगायची आणि ती हिरव्या पट्टीवर सांगायची, अशी चालच पडली. एका लोणचेवाल्यानं लहानपणी उपाशीपोटी शाळेत गेल्याची गोष्ट हिरव्या पट्टीवर रडत रडत सांगितली आणि दुकानांतल्या आमच्या जागेवर त्याच्या बरण्या येऊन बसल्या.

मग प्रणोतीनं पुण्याहून ईशानी दामले यांना आणलं. उद्योजकांच्या गोष्टी घडवून देणं हा या बाईंचा व्यवसाय. बोलायला गोड, भाकरीचं कौतुक करताना हात न आखडणाऱ्या. त्यांनी शालनला मागच्या अंगणात खुर्चीवर बसवलं, कॅमेरा लावला आणि धंदा कसा सुरू झाला ते मोकळेपणानं सांगायला सांगितलं. शालन कॅमेऱ्याला बुजते, म्हणून मी तिच्या शेजारी बसलो.

शालननं सांगितलं ते असं. प्रणोती तेव्हा रांगत होती. माझ्या शाळेतल्या बाईंनी चटणी करून मागितली, ती पहिलीच मागणी. चटणीत घालायचा कांदा उन्हात खडखडीत वाळवून मग तळावा लागतो. शालनला घाई झाली, तिनं ओलसर कांदाच तळून घातला. आठवडाभरात पातेलंभर चटणीवर पांढरी बुरशी धरली. तिनं ते पातेलं उचललं, शेवग्याच्या बुडात ओतलं आणि तिथंच बसून रडली. मी शाळेतून आलो तेव्हा ती राखेनं पातेलं घासत होती. मी म्हणालो, आता शेवग्याला तिखट शेंगा येणार. ती रडता रडता हसली आणि दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा मिरच्या भाजायला घेतल्या. एवढीच गोष्ट. पट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत हिरवीगार होती.

ईशानीबाईंनी कॅमेरा बंद केला. मग त्यांनी विचारलं, की बुरशी हा शब्द चटणीच्या जाहिरातीत कसा आणायचा. प्रणोतीलाही ते पटलं. कुणाची चटणी घ्यायची आणि पहिल्यांदा डोळ्यांपुढं बुरशी आणायची, असं कोण करेल? शिवाय बाईंचं म्हणणं, स्वतःच्या घाईनं स्वतःचं नुकसान झालं, यात लढाई कुठं आहे? लोकांना लढाई लागते.

"पातेलं ओतलं जातं, तो क्षण मात्र फार मोठा आहे," त्या म्हणाल्या. "तो ठेवू. फक्त ओतणारा हात बदलू."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मला खरंतर गंमत वाटली. अख्खी गल्ली मला ओळखते. बायकोपुढं माझं किती चालतं, हे भाजीवालीलाही ठाऊक आहे. शालन नको नको म्हणत होती, पण मीच तिची समजूत काढली. दशावतारात राक्षस होणारा माणूस घरी येऊन भाकरीच खातो, असं काहीतरी मी बोललो. मग नवी गोष्ट ठरली. शालननं चटणी केली, ताजी, चुलीवरून नुकतीच उतरवलेली. नवरा शाळेतून आला. मास्तराच्या बायकोनं चटण्या विकायच्या का, असं म्हणून त्यानं ते वाफाळतं पातेलं उचललं आणि शेवग्याच्या बुडात ओतलं. बायकोनं डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मिरच्या भाजल्या.

शालननं ती कॅमेऱ्यापुढं म्हणून दाखवली. पट्टी हळदीसारखी पिवळी.

तेव्हा ईशानीबाईंनी शांतपणे सांगितलं, की आठवण बसवून घेता येते. आता पुष्कळ उद्योजक तसं करतात.

बसवून घेणं म्हणजे काय, ते मी आधी नीट विचारून घेतलं. मास्तराची खोड. डोक्यातली आठवण ही अल्बममधल्या फोटोसारखी नसते. दर वेळी आठवताना मेंदू ती नव्यानं बांधतो, आणि बांधून झाल्यावर काही तास ती मऊ असते. थिजलेलं तूप चुलीजवळ नेलं की पातळ होतं आणि ज्या भांड्यात ओताल त्याच्या आकाराचं पुन्हा थिजतं, तसं. हे विज्ञान जुनंच आहे. अपघातातून वाचलेल्या माणसांच्या मनातली भीती उतरवायला डॉक्टर त्याचा उपयोग करत. नवा होता तो डोक्याला बांधायचा पट्टा. आत्ता नेमकी कुठली आठवण मऊ झाली आहे, हे तो ओळखायचा आणि तेवढीच एक जास्त वेळ मऊ ठेवायचा. त्या वेळात कानावर जे पडेल ते त्या आठवणीत मिसळून थिजायचं. डॉ. नाडगौडा म्हणून होते, त्यांनी मला दिलासा दिला, की हे बसवलेलं आहे याची जाणीव मिसेसना कायम राहील. मी सही केली, शालननंही केली.

पुण्यात बाणेरला चार बैठका झाल्या. आठवण उघडायला वासाइतकं दुसरं काही चालत नाही, म्हणून त्या चकचकीत खोलीत एका तव्यावर संकेश्वरी मिरच्या भाजायला ठेवल्या होत्या. शालनला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. मी काचेच्या अलीकडं बसून बघत होतो. डॉक्टर विचारायचे, पातेलं कुणाच्या हातात आहे. ती म्हणायची, माझ्या. मग ईशानीबाई हलक्या आवाजात नवी गोष्ट सांगायच्या, आणि पुन्हा तोच प्रश्न. दुसऱ्या बैठकीला ती अडखळली. तिसरीला म्हणाली, दोघांच्या. चौथीला डॉक्टरांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत ती म्हणाली, "ह्यांच्या."

आणि तिनं काचेकडं मान वळवली. तिकडून काच काळी होती, मी तिला दिसत नव्हतो. तरीही तिनं पदर ओढून खांदा झाकून घेतला. बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, पाणी आणलंय का, आणि मी बाटली पुढं केली.

फिल्म निघाली. पट्टी अशी हिरवी, की प्रणोतीला रडू आवरेना. लोकांनी ती एकमेकांना पाठवली, बायकांनी खाली आपापल्या घरच्या कहाण्या लिहिल्या, बरण्या कमी पडायला लागल्या. गावात माझी थट्टा सुरू झाली. चहाच्या गाड्यावर गेलो की कुणीतरी विचारायचं, "काय मास्तर, आज काय ओतून आला?" मीही म्हणायचो, चहाच ओततो बघा आता. सगळे हसायचे. शालनला व्याख्यानांची बोलावणी यायला लागली. ती इचलकरंजीला बोलली, लातूरला बोलली, बायका तिच्या गळ्यात पडून रडल्या. दर वेळी सांगताना ती आठवण मऊ होत होती आणि थिजताना आणखी घट्ट बसत होती. व्याख्यान नसेल त्या दिवशी ती कारखान्यात असायची, आणि तिथं दिवसभर मिरच्या भाजल्या जातात. तव्याचं काम गावभर चाललं होतं, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

एकदा जेवताना मी सहज म्हटलं, की आता ती गोष्ट पुरे कर, लोक मला खरंच तसा समजायला लागलेत. तिनं घास ताटात ठेवला.

"मला म्हाईत हाय, ते आपण बसवून घेतलंय म्हणून," ती म्हणाली. "पण ते मला आठवतंय ओ. तुमचा चौकडीचा शर्ट पण आठवतोय."

शर्टाचं कुणी तिला सांगितलं नव्हतं. ईशानीबाईंच्या गोष्टीत शर्ट नव्हताच. तो तिच्या मेंदूनं स्वतःहून शिवला होता, आणि चौकडीचा शर्ट माझ्याकडं खरंच होता.

तिथून पुढं मी तिच्यावर नजर ठेवायला लागलो, आणि मला दिसायला लागलं, की तीही माझ्यावर नजर ठेवून आहे. मी स्वयंपाकघरात गेलो की तिचं बोलणं थांबायचं. माझ्याकडं पाठ करून उभं राहणं तिनं बंद केलं. माझ्या घोरण्याचं निमित्त काढून ती मागच्या खोलीत झोपायला गेली. चाळीस वर्षं ते घोरणं तिला चाललं होतं. मग नवीन आठवणी निघायला लागल्या. तिच्या भावाच्या लग्नाला मी तिला पाठवलं नाही, असं एके दिवशी तिनं सुनावलं. त्या वेळी तिला कांजिण्या झाल्या होत्या, अंगभर फोड होते, मी स्वतः कडुलिंबाचा पाला आणून देत होतो. ते तिला आठवत नव्हतं. मेंदूला कारणाशिवाय चैन पडत नाही. ज्या माणसानं गरम पातेलं ओतलं, त्यानं आधी आणि नंतर काहीतरी केलं असणारच, म्हणून तो शोधत बसतो आणि सापडलं नाही तर बनवतो. हे मला कळत होतं, मला ते फळ्यावर काढून दाखवता आलं असतं. त्यानं माझी भीती तसूभर कमी झाली नाही.

शेवटी एका दुपारी मी तिला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि सगळ्यांत पहिलं चित्रीकरण लावलं. बुरशीचं, ओलसर कांद्याचं, तिखट शेंगांचं. मला वाटलं, स्वतःच्या तोंडून ऐकेल आणि दोघं एकदाचे सुटू. खाली पट्टी हिरवी होती. मी ती तिला बोटानं दाखवली.

शालननं ते शांतपणे बघितलं. मग ती म्हणाली, "ही बाई घाबरून बोलतीया. तुम्ही शेजारीच बसलाय की."

मी म्हणालो, अगं पट्टी बघ, हिरवी आहे.

"दुसऱ्या गोष्टीला पण हिरवीच हाय."

मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं, की असं काही घडलंच नाही, आपण सगळ्यांनी बसून ते रचलं, तू सही केलीस. माझा आवाज चढला असणार, कारण ती उठून दारापाशी गेली आणि कडीवर हात ठेवून उभी राहिली. "घडलंच न्हाई, असंच म्हणत्यात सगळे," ती म्हणाली. "माझ्या व्याख्यानाला येत्यात त्या समद्या बायका हेच सांगत्यात."

मी तिला घाबरवलं होतं. मी, दिनकर कुराडे, माझ्या बायकोला, माझ्याच घरात. त्या दिवसापासून मी स्वयंपाकघराच्या दारात पोचलो की आधी खाकरतो.

इथवर मी लिहून ठेवलं होतं, पुढचं नंतर घडलं. प्रणोतीला मी फोनवर सगळं सांगितलं तशी ती पुण्याहून निघाली. मग आली, मला गाडीत घातलं आणि डॉ. नाडगौडांकडं घेऊन गेली. मी त्यांना म्हणालो, ते काढून टाका. काढून काहीच टाकता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. जुनी आठवण कुठं बाजूला जपून ठेवलेली नसते, तीच बदललेली असते. तिच्यावर दुसरी तेवढी बसवता येते. पहिल्या वेळी ईशानीबाईंनी सांगून भागलं, पण एकदा बसवलेल्या आठवणीवर पुन्हा बसवायचं तर गोष्ट सांगणारा माणूस असा हवा, ज्यानं तो दिवस डोळ्यांनी बघितला आहे आणि ज्याला तो पक्का आठवतो आहे. सांगणाराच डळमळीत असला तर ऐकणाऱ्याची आठवण अर्धवट थिजते आणि मग माणूस भ्रमिष्ट होतो. प्रणोती तेव्हा रांगत होती, तिचा उपयोग नव्हता. शालनच्या जुन्या फिल्मचाही नव्हता, तिचा स्वतःचा आवाज तिनं आधीच खोटा ठरवला होता. राहिलो मी.

मी खुर्चीत बसलो. फोन समोर धरला गेला. मी छातीठोकपणे म्हणालो, "ते पातेलं मी ओतलं नाही. शालननं ओतलं. मी आलो तेव्हा ती पातेलं घासत होती."

प्रणोतीनं तोंडावर हात घेतला. मी फोन माझ्याकडं वळवायला सांगितलं. पट्टी पिवळी होती.

मी पुन्हा म्हणालो. पुन्हा पिवळी. यंत्र बिघडलंय म्हणालो, तर डॉक्टरांनी मला माझ्या पहिल्या नेमणुकीच्या दिवसाबद्दल विचारलं, आणि त्या उत्तराला पट्टी मुकाट्यानं हिरवी झाली.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि समजावून सांगितलं, की पट्ट्याशिवायही हे घडतं, सगळ्यांचंच घडतं, फक्त सावकाश. ती फिल्म मी कितीदा बघितली? रोज. गावातल्या थट्टेला कितीदा उत्तर दिलं? रोज. आणि मनातल्या मनात मी कितीदा म्हणालो, की मी ते केलं नाही? तेच तर मी उठता-बसता म्हणत होतो. नाही म्हणायला आधी ते डोळ्यांपुढं आणावं लागतं. मी वर्षभर रोज स्वतःला चौकडीच्या शर्टात, पातेलं उचलताना बघत होतो आणि मग नाही म्हणत होतो. मेंदूनं चित्र ठेवून घेतलं. नाही म्हटलेलं त्यानं ठेवलं नाही.

परत येताना गाडीत प्रणोती रडत होती. तिच्यावर ओरडावं असं मला फार वाटलं, पण मी ओरडलो नाही. मला आता माझ्या ओरडण्याचीही भीती वाटायला लागली होती. निपाणीच्या अलीकडं ईशानीबाईंचा फोन आला. लोकांना पुढं काय झालं ते हवं आहे, त्या उत्साहानं सांगत होत्या. नवऱ्याला पश्चात्ताप झाला का? काकांनी कॅमेऱ्यापुढं एकदा काकूंची माफी मागितली, तीही हिरव्या पट्टीवर, तर ब्रँड कुठल्या कुठं जाईल. प्रणोतीनं त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत फोन ठेवला आणि काचेबाहेर बघत बसली.

घरी आलो तर सगळ्या खिडक्या उघड्या आणि घरभर ठसका. शालन स्वयंपाकघरात मिरच्या भाजत होती. ओट्याजवळ तिची बॅग भरून ठेवलेली. संकेश्वरला भावाकडं जाणार होती, त्याच्यासाठी चटणी न्यायची म्हणून थोडी करत होती. किती दिवसांसाठी, असं प्रणोतीनं विचारलं. शालन मिरच्या परतत राहिली, तेव्हा आम्हाला दोघांनाही कळलं. प्रणोती बाहेर अंगणात जाऊन बसली.

मी खाकरून दारात उभा राहिलो. मिरच्यांनी डोळे चुरचुरत होते. शालन उलथनं हातात घेऊन माझ्याकडं वळली. खूप रडून झाल्यासारखा तिचा चेहरा होता, पण तो मिरच्यांमुळंही असेल.

"मला तुमची भीती वाटती," ती म्हणाली. "तुम्ही चांगलं बोलता, भाजी आणता, सगळं करता. तरी पण भीती वाटती. ह्या वयात भीत भीत जगायचं न्हाई मला."

मी विचारलं, मी काय करू.

"काय न्हाई. एकदा म्हणा, चुकलं माझं. नुसतं तेवढं म्हणा. मग मी ती बॅग उचलणार न्हाई, आणि ती गोष्ट पण कुठं सांगणार न्हाई."

एवढं सोपं होतं ते. दोन शब्द. आणि त्या दोन शब्दांचं काय होणार, हे त्या खोलीत मला एकट्याला ठाऊक होतं. हवा ठसक्यानं भरलेली, आठवण पातळ झालेली. अशा वेळी मी जे म्हणेन ते माझ्या डोक्यात जन्मभरासाठी थिजणार. न म्हणावं, तर ही बाई जाणार आणि मी या घरात एकटाच बसणार. माझ्यापाशी उरणार ते माझं खरेपण, तेही पिवळं पडलेलं. म्हणावं, तर शेवग्याच्या बुडात रडत बसलेली ती पोरगेली शालन, बुरशी, ओला कांदा, तिखट शेंगांवरचं तिचं हसू, हे सगळं जगात ज्या एका डोक्यात थोडंफार शिल्लक होतं, तिथूनही जाणार. मग ते कुठंच घडलेलं नसणार.

मी तिच्याकडं बघितलं. तिच्या कपाळावर घाम होता आणि तिनं उलथनं असं धरलं होतं, की वेळ आली तर त्यानं मला अडवता यावं.

"चुकलं माझं, शालन," मी म्हणालो. "मी ते ओतायला नको होतं."

तिनं गॅस बंद केला. मग ती माझ्याजवळ आली, कितीतरी महिन्यांनी आपणहून जवळ आली, आणि तिनं माझ्या छातीवर डोकं टेकलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती दचकली नाही. मला इतकं बरं वाटलं, की मला रडू फुटलं, आणि बाहेरून प्रणोतीनं काय झालं म्हणून हाक मारली.

थोड्या वेळानं शालननं डोळे पुसले, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि ते उलटे करून बघितले.

"ताजी चटणी होती ती," ती म्हणाली. "तुमचा पण हात भाजला असंल न्हवं तवा?"

"भाजला होता," मी म्हणालो. "बरेच दिवस हातात खडू धरता येत नव्हता."

हे मी तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो नव्हतो. मला ते आठवत होतं.